मॉलिब्डेनम म्हणजे शिसं? आणि प्रॉस्पेक्टला मराठीत काय म्हणायचं?

शंकेखोर
एक रिपोर्ट मराठीत करायला घेतलाय, ग्रॅनाइटमधल्या मॉलिब्डेनम (हा एक धातू) आणि शिसं यांच्या प्रॉस्पेक्टवर, म्हणजे जिथे खनिज मिळेल असं वाटतंय पण अजून पक्कं नाही अशा जागेवर. दोन ठिकाणी गाडी अडलीये. प्रॉस्पेक्टला खाण म्हणावं तर खाण अजून झालेलीच नाही, साठा म्हणावं तर सापडल्यासारखंच वाटतं. दुसरं म्हणजे डिक्शनरीत बघितलं तर मॉलिब्डोस हा ग्रीक शब्द आणि अर्थ चक्क शिसं! म्हणजे आमचं शीर्षक शिसं-शिसं झालं की. हा काय घोळ आहे?

दगडवेडा
घोळ जुना आहे आणि आपल्याकडेही आहेच, शिसपेन्सिल म्हणतो ना आपण? त्यात शिसं औषधालाही नसतं, असतं ते ग्रॅफाइट. पूर्वी युरोपात जे जे काळपट, चकचकीत, बोटाला लागणारं, ते सगळं एकाच नावाखाली ढकलायचे, मग ते शिशाचं खनिज गॅलिना असो, ग्रॅफाइट असो की मॉलिब्डेनमचं खनिज मॉलिब्डेनाइट. 1778 ला स्वीडनच्या शील नावाच्या केमिस्टनं मॉलिब्डेनाइट नायट्रिक ॲसिडमध्ये उकळलं तर पांढरी पूड मिळाली, ग्रॅफाइटचं तसं काही होईना, म्हणजे दोन्ही वेगळे. 1781 ला तिथल्याच येल्म नावाच्या केमिस्टनं त्या पुडीतून कोळशाच्या मदतीनं धातू काढला. पण नाव बदलायचं कुणी? शिशाशी काही संबंध नाही हे कळल्यावरही शिशाचंच नाव चिकटून बसलं.

पाटीवाली
मग आजीचा शिसवी पाट पण शिशाचा का 😀

दगडवेडा
नाही हो ताई, तो शिसव झाडाचा, संस्कृतात शिंशपा. शिसं आलं सीस वरून. दोघांचं नातं फक्त कानाला ऐकू येतं तेवढंच.

शंकेखोर
पण हातात दगड आल्यावर ओळखायचं कसं?

दगडवेडा
हे सोपंय. गॅलिना फुटताना छोटे छोटे चौकोनी ठोकळे पडतात आणि हाताला भलतंच जड लागतं, पाण्याच्या साडेसातपट. मॉलिब्डेनाइटचे पापुद्रे निघतात, नखानं ओरखडा पडतो, पापुद्रा वाकवला तर वाकतो. ग्रॅफाइटही तसंच मऊ पण फार हलकं. खरी परीक्षा म्हणजे चिनीमातीच्या टाइलची मागची खरखरीत बाजू घ्यायची आणि घासायचं, ग्रॅफाइटची रेघ काळी येते, मॉलिब्डेनाइटची हिरवट झाक असलेली. मी बालाघाटच्या मलांजखंडचा एक तुकडा असाच घासून बघितला होता, पांढऱ्या क्वार्ट्झमध्ये राखाडी पापुद्रे, रेघ हिरवटच आली. ती खाण तांब्याची, पण ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा आणि त्यात मॉलिब्डेनाइट आहे, आपल्या गोंदियाला लागूनच.

आणि ह्या गोंधळाची किंमत काय असते बघा. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्लायमॅक्स म्हणून जागा आहे, लेडव्हिल गावाजवळ, म्हणजे आधीच शिशाचं गाव! 1879 ला चार्ल्स सेंटर नावाच्या माणसानं तिथे डोंगरावर खाणीच्या हक्काचा दावा लावला, राखाडी चकचकीत खनिज दिसत होतं पण ते काय आहे हेच कळेना, 1895 ला एका केमिस्टनं सांगितलं की बाबा हे मॉलिब्डेनम. सोळा वर्षं! आणि कळल्यावर तरी काय, तेव्हा विचारतं कोण त्याला. पहिल्या महायुद्धात पोलादात मिसळायला त्याला मागणी आली तेव्हा कुठे काम सुरू झालं, युद्ध संपल्यावर बंद पडलं आणि 1924 ला परत चालू. पुढे एकेकाळी जगातलं निम्म्याहून जास्त मॉलिब्डेनम तिथूनच यायचं. आणि माल म्हणाल तर टनाला दोन-चार किलो, केसाएवढ्या बारीक शिरांचं जाळं, एकावर एक उपड्या ठेवलेल्या वाट्यांसारखं, कारण ग्रॅनाइटचा रस एकदा नाही, अनेकदा वर आला.

शंकेखोर
मग शिसं आणि मॉलिब्डेनम एकाच जागी का भेटतात?

दगडवेडा
एकाच जागी क्वचितच, शेजारी शेजारी म्हणा. ग्रॅनाइट थंड होताना गरम पाणी बाहेर पडतं, मॉलिब्डेनम आतल्या गरम भागातच बसून जातं, शिसं-जस्त मात्र पाण्याबरोबर लांब जाऊन कडेच्या थंड भेगांत बसतात. म्हणून कडेला गॅलिना दिसली की आत खोल बघावंसं वाटतं, अर्थात दरवेळी काही मिळतंच असं नाही. वर पाऊस-पाण्यानं खडक कुजला की मात्र दोघं खरंच एकत्र येतात, वुल्फेनाइट तयार होतं, शिसं अधिक मॉलिब्डेनम अधिक ऑक्सिजन, नारिंगी पातळ चौकोनी वड्या. आजीनं संत्र्याची बर्फी लाटून कापल्यासारखी दिसते.

पाटीवाली
मूळ प्रश्न राहिला की. प्रॉस्पेक्टला काय म्हणायचं? सरकारी कागदात पूर्वेक्षण वाचलंय.

दगडवेडा
पूर्वेक्षण हे काम झालं, जागा नाही. आपल्याकडे जी-4 म्हणजे नुसती टेहळणी, तिथून जी-1 पर्यंत बारकाईनं ड्रिलिंग, प्रॉस्पेक्ट म्हणजे त्यातल्या पहिल्या एकदोन पायऱ्यांवरची जागा. मी शोधक्षेत्र लिहीन. साठा हा शब्द ड्रिलिंगचे आकडे हातात आल्याशिवाय लिहू नका, वाचणारा लगेच पैसे मोजायला लागतो.

शंकेखोर
शोधक्षेत्र चालेल. शीर्षक केलं "ग्रॅनाइटमधील मॉलिब्डेनम आणि शिसे : एका शोधक्षेत्राचा इतिहास". आता वुल्फेनाइटला मराठी नाव सुचवू नका प्लीज, ते तसंच राहू दे.