मदत हवी आहे: आईला घेऊन गोव्यात कुठे जाऊ?

नमस्कार मंडळी. 2003 साली लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा कळंगुटला गेलो होतो. सकाळी रापण (मासे धरायचं मोठं जाळं) ओढणारे लोक, वाळूत पळणारे खेकडे, बाकी शुकशुकाट. तो किनारा मनात इतका घर करून राहिला की परवा मुलांना मुद्दाम तोच दाखवायला नेलं. पाय ठेवायला जागा नव्हती. वाळूत बाटल्यांच्या काचा, चिप्सची पाकिटं, लाटेबरोबर परत येणाऱ्या पिशव्या. धाकटीच्या तळपायात काच गेली. परतताना कोणीच बोललं नाही. मला रडू आवरलं नाही, खरंच.

आता जानेवारीत सत्तरीच्या आईला आणायचं आहे. तिला मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा करायची आहे, आणि नंतर दोन दिवस शांत समुद्र. काणकोणकडे आगोंद किंवा गालजीबाग बघावं असं मनात आहे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणून तरी गोंगाट कमी असेल अशी आशा. पण हल्ली तिथेही गर्दी पोचली आहे का? काणकोण स्टेशनवरून रिक्षा सहज मिळते का? आईला गुडघ्यांचा त्रास आहे, वाळूत फार चालायला नको. घरगुती जेवण मिळेल अशी साधी खोली कोणाला माहीत आहे?

आणखी एक. आम्ही रोज सकाळी थोडा कचरा उचलणार आहोत. तो गोळा करून द्यायचा कोणाकडे, पंचायतीत का? तिथे राहणाऱ्यांनी जरूर सांगा.