बचतीचा आकडा आधी, अपंगत्वाचे निकष नंतर?

टेम्सकाठी (धागाकर्ता)

ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने १८ मार्च २०२५ रोजी आजारी आणि अपंग नागरिकांच्या भत्त्यांत कपात सुचवली आणि १ जुलैला संसदेत त्यावर चर्चा सुरू असतानाच प्रस्तावातले सर्वांत वादग्रस्त कलम स्वतःच मागे घेतले. विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे सरकले, पण ४९ मजूर खासदारांनी आपल्याच सरकारच्या विरोधात मत दिले. वृत्तपत्रांनी हे सगळे पंतप्रधान स्टार्मर यांच्या नामुष्कीची गोष्ट म्हणून रंगवले. मला त्या नामुष्कीपेक्षा मागे घेतलेल्या कलमाविषयी बोलायचे आहे.

ते कलम 'पिप'विषयी (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट) होते. हा भत्ता अपंगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठी आहे. माणूस नोकरी करतो की नाही, त्याचे उत्पन्न किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. स्वयंपाक, आंघोळ, कपडे घालणे अशा दहा दैनंदिन क्रियांना गुण दिले जातात. एकूण ८ गुण झाले तर साधा दर मिळतो, १२ झाले तर वाढीव. सरकारचे म्हणणे असे होते की बेरीज पुरेशी नाही, एका तरी क्रियेत किमान ४ गुण हवेत. आता तक्ता पाहा. कमरेखालचे अंग धुण्यासाठी दुसऱ्याची मदत लागत असेल तर २ गुण. खांद्यापासून कमरेपर्यंतचे अंग धुण्यासाठी लागत असेल तर ४. म्हणजे ज्याला आंघोळीला, कपड्यांना, शौचाला आणि स्वयंपाकाला थोडीथोडी मदत किंवा साधन लागते, तो आज ८ गुणांनी पात्र ठरतो आणि नव्या नियमात बाद झाला असता. कंबर ही अशी सीमारेषा कोणत्या वैद्यकीय विचारातून ठरली, हे मला कुठेही वाचायला मिळाले नाही.

सुमारे ५ अब्ज पौंड वाचवायचे हे आधी ठरले आणि मग तेवढे लोक ज्या चाळणीतून गळतील अशी चाळणी शोधली गेली, असे माझे मत आहे. याला आधार असा की, अपेक्षेइतकी बचत होत नाही असा हिशेब स्वतंत्र अर्थसंकल्पीय कार्यालयाने मांडताच, आठवड्याभरात 'युनिव्हर्सल क्रेडिट'मधल्या (बेरोजगार आणि कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी भत्ता) नव्या आजारी अर्जदारांचा आधीच निम्मा केलेला भत्ता आणखी काही वर्षे गोठवण्यात आला. त्या आठवड्यात अपंगत्वाविषयी कोणतेही नवे ज्ञान हाती आलेले नव्हते.

हिशेबनीस

मांडणी प्रभावी आहे, पण अर्धीच आहे. आकडा आधी ठरला हे मान्य केले, तरी तो का ठरवावा लागला याविषयी आपण एक वाक्यही लिहिलेले नाही. २०२५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये ३७ लाख लोक पिप घेत होते आणि महासाथीपूर्वीच्या तुलनेत नव्या मंजुऱ्या दुपटीहून अधिक झाल्या. ब्रिटनशी तुलना करता येईल अशा बहुतेक देशांत ही वाढ दिसत नाही. महासाथ तर सगळीकडेच आली होती. मग एकट्या ब्रिटनमधले लोक इतके आजारी पडले, की तिथल्या व्यवस्थेत काही बिघडले, हा प्रश्न विचारणाऱ्याला निर्दय ठरवण्याची घाई करू नये.

दुसरी बाब युनिव्हर्सल क्रेडिटची. पंचविशीपुढच्या एकट्या बेरोजगाराला आठवड्याला ९२ पौंड मिळत. तोच काम करण्यास असमर्थ ठरला तर वर आणखी ९७. म्हणजे 'मी काहीच करू शकत नाही' हे सिद्ध करणाऱ्याची रक्कम दुपटीहून जास्त. अशा रचनेत माणूस बरे होण्याची वाट पाहील की प्रमाणपत्राची? मूळ भत्ता वाढवून आजाराचा भाग कमी करणे, हे कपातीइतकेच दुरुस्तीचे पाऊल आहे. आणि रेघ कुठेतरी ओढावीच लागते. ८ गुणांची रेघ तरी कोणत्या उपनिषदातून आली?

दुपारची पाळी

मी लेस्टरला काळजी-सेविका आहे, त्यामुळे तक्त्यापेक्षा माणसे जास्त पाहिली आहेत. एक मराठी गृहस्थ, वय अठ्ठावन्न, संधिवाताने बोटे वाकडी झालेली, तरीही आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात जातात. त्यांना पाच क्रियांत प्रत्येकी २, असे १० गुण आहेत. ४ गुण एकाही रकान्यात नाहीत. त्यांचा भत्ता गेला असता तर पत्नीला मिळणारा साप्ताहिक काळजीवाहू भत्ताही (२०२५ मध्ये ८३ पौंड ३० पेन्स) त्याबरोबर गेला असता, कारण तो पिपच्या दैनंदिन भागावर बेतलेला आहे. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे असे दीड लाख काळजीवाहू ही मदत गमावणार होते. हिशेबनीस, या गृहस्थांना आपण कोणत्या कामाला लावणार? ते कामावरच आहेत.

आणखी एक. आपल्या लोकांना हा अर्ज नीट भरताच येत नाही. मूल्यमापन करणारी बाई फोनवर विचारते, ''कसे चालले आहे?'' आणि आपले काका संस्कारांना जागून सांगतात, ''देवाच्या कृपेने बरे आहे.'' झाले, शून्य गुण! न्यायाधिकरणापुढे सुनावणीला पोहोचलेल्या पिपच्या दाव्यांपैकी दहातले सुमारे सात अर्जदाराच्या बाजूने सुटतात, ते उगीच नाही.

व्हिसावाला

मला या वादात वेगळेच शल्य आहे. आमच्यासारखे कुशल कामगार व्हिसावर आलेले लोक प्राप्तिकर भरतात, शिवाय दरवर्षी माणशी १०३५ पौंड आरोग्य अधिभार भरतात, आणि आमच्या व्हिसावर स्पष्ट नोंद असते की सार्वजनिक निधीवर तुमचा हक्क नाही. उद्या मी खाटेला खिळलो तर मला यातला एकही पेन्स मिळणार नाही. कपातीवर अश्रू ढाळणाऱ्यांनी आमचाही विचार करावा.

टेम्सकाठी

व्हिसावाला, आपली तक्रार रास्त आहे, पण ती आपल्याला हक्क मिळावा यासाठीची आहे. शेजाऱ्याचा हक्क जावा यासाठीचा युक्तिवाद तिच्यातून निघत नाही.

हिशेबनीस यांनी दोन भत्त्यांची सरमिसळ केली आहे, आणि नेमकी तीच सरकारनेही केली. ९२ आणि ९७ पौंडांविषयी ते म्हणतात त्यात तथ्य आहे, हे मी कबूल करतो. पण तो युनिव्हर्सल क्रेडिटचा दोष. पिप मिळवण्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही, म्हणून पिप काढून घेतल्याने कोणी नोकरीकडे वळेल असे मानायला आधार नाही. टॅक्सीचे पैसे गेल्यामुळे असलेली नोकरी सुटेल, याची शक्यता अधिक. मूळ प्रस्तावामुळे अडीच लाख लोक, त्यांत पन्नास हजार मुले, दारिद्र्यरेषेखाली जातील असे सरकारनेच प्रसिद्ध केले होते.

गंमत म्हणजे २०१६ साली हुजूर पक्षाच्या सरकारनेही पिपच्या गुणांतच काटछाट योजली होती. काम व निवृत्तिवेतन खात्याचे मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी तेव्हा राजीनामा दिला, तोही १८ मार्चलाच, आणि ती योजना बासनात गेली. नऊ वर्षांनी त्याच तारखेला मजूर पक्ष त्याच विहिरीत उतरला.

हिशेबनीस

काळजीवाहू भत्त्याची साखळी माझ्या लक्षात आली नव्हती. तेवढ्यापुरते मी माझे म्हणणे मागे घेतो. न्यायाधिकरणाच्या आकड्याविषयी मात्र सावध राहावे, कारण सुनावणीपर्यंत जातात ते बहुधा भक्कम दावेच असतात.

पण बंडखोरांनी मिळवले काय, तेही पाहू. सरकारने बंडखोर खासदारांशी केलेल्या २७ जूनच्या तडजोडीत सध्याच्या लाभार्थ्यांना अभय मिळाले, पण युनिव्हर्सल क्रेडिटमधली नव्या अर्जदारांची कपात तशीच राहिली. एप्रिल २०२६ पासून आजाराचा भाग नव्याने मागणाऱ्याला, अत्यंत गंभीर आणि आजन्म आजारांचे अपवाद वगळता, आठवड्याला सुमारे ५० पौंड ठरले. त्याच जिन्यावरच्या, तोच आजार आधी झालेल्या शेजाऱ्याला त्याच्या जवळपास दुप्पट. आजारी पडण्याच्या तारखेवरून माणसांत केलेला हा फरक मूळ प्रस्तावातही होता, आणि बंडखोरांनी तो पुसला नाही. आपण ज्याला विजय म्हणता, तो आधीपासून रांगेत असलेल्यांचा विजय आहे.

टेम्सकाठी

विजय हा शब्द मी वापरलेला नाही. या भेदभावाविषयी आपले आणि माझे एकमत आहे. फक्त त्यावरचा आपला उपाय बहुधा सर्वांना ५० देण्याचा असेल, माझा तो नाही. पैसा कुठून आणायचा, हे आपण विचारणार. कर वाढवून, असे माझे उत्तर आहे, आणि ते लोकप्रिय नाही याची मला कल्पना आहे. पिपचे निकष २०२५ मध्ये मंत्री स्टीफन टिम्स यांच्या पुनरावलोकनाकडे गेले. तिथे अपंग व्यक्तींना सोबत घेऊन विचार व्हावा, असे ठरले आहे. हे मार्चच्या आधी व्हायला हवे होते.

दुपारची पाळी

त्या गृहस्थांना फेरतपासणीचा अर्ज आला आहे. रविवारी त्यांच्याकडे बसून भरणार आहे. इथे आणखी कोणी आपल्या नातेवाइकांसाठी हा अर्ज भरत असेल तर एवढे ध्यानात ठेवा, की पाहुणे आलेल्या दिवशी आपण कसे असतो ते लिहायचे नसते. अर्ध्याहून अधिक दिवस जी अवस्था असते, ती लिहायची असते. काकांना हे मी तीनदा समजावले. तरीही पहिल्या रकान्यात त्यांनी ''जमते'' असेच लिहून ठेवले आहे.