व्याही किल्ट घालून लग्नाला आले तर चालेल का?

जळगावकर_बाबा: मुलीचं लग्न मे महिन्यात, जळगावला, गोरज मुहूर्तावर. जावई एडिनबराचे. व्याही विचारतात, किल्ट (स्कॉटलंडचा पुरुषांचा चौकड्यांचा, मागे निऱ्या असलेला घागरा) घातला तर चालेल का? आदल्या दिवशी हळद आहे. आमच्या वडीलधाऱ्यांना खटकू नये आणि व्याह्यांचा मानही राहावा. काय कळवू?

निरी_पदर: खुशाल हो म्हणा. तिकडे लग्नात किल्ट हा मानाचाच पोशाख. 1746 च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांना तो घालायची बंदी झाली, ती 1782 मध्ये उठली. त्यामुळे त्यांचा त्यावर जीव असतो. नाही म्हणालात तर मनाला लागेल.

हळदीला मात्र नको. किल्ट लोकरीचा, हळदीचा डाग ड्रायक्लीनिंगनेही पुरता निघत नाही. त्या दिवशी सुती कुर्ता-पायजमा द्या. लग्नातही कुंकवाच्या अक्षता मागच्या निऱ्यांत अडकतात. बसण्याआधी झटकायला सांगा, नाहीतर चुरडून रंग लागतो. ओल्या रुमालाने तर पुसूच नका, डाग पसरतो.

तापीकाठ: उन्हाचा विचार करा भो. पूर्ण किल्टला आठ वार, म्हणजे सव्वासात मीटर कापड लागतं. वाराला 16 औंस वजनाचं जाड कापड मे महिन्यात सोसणार नाही, 13 औंसाचं बरं. 10 औंसावर उतरलं की निऱ्यांची घडी टिकत नाही. कोट फोटोपुरता, बाकी वेळ वेस्टकोट पुरे. डोक्याला साधा एकरंगी फेटा बांधा, चौकड्यांवर चौकड्या नकोत.

जळगावकर_बाबा: विधीला पाटावर बसावं लागेल, मग पंगत. ते कसं जमवायचं?

निरी_पदर: किल्टमध्ये मांडी घालायची नाही, समोरून उघडं पडतं. गुरुजींना आधीच सांगून खुर्ची ठेवा, पंगतीतही टेबल-खुर्ची. बसताना मागच्या निऱ्या हाताने सपाट करून खाली घ्यायच्या, गुडघे जवळ. आत हाफ पँट हवीच. किल्टचे दोन पदर पुढे एकावर एक येतात, पिन फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदरांतून टोचली तर चालताना ताण येऊन कापड फाटतं.

पुढे लटकणारी पिशवी, स्पोरन, चामड्याची असते. विधीपुरती ती आणि पट्टा काढून ठेवू द्या, किल्ट त्याच्या बकलांवर नीट राहतो. मोज्यातली छोटी सुरी घरीच ठेवायला सांगा. तिच्याशिवाय पोशाखात काही उणं दिसत नाही, आणि विमानात हातातल्या बॅगेत ती नेऊच देणार नाहीत.