वास्को शेजारी, मग कंटेनरचा डबा न्हावा शेवाला कशाला?

उद्यमबागवाला: बेळगावात लहान फाऊंड्री आहे, कास्टिंगं म्हणजे ओतीव भाग, ते डब्यातनं बाहेर देशात जातात. गेल्या महिन्यात ट्रेलर पावसात अडकला, बंदराचं गेट बंद झाल्यावर चार तासांनी पोचला. जहाज चुकलं, वर आठ दिवसांचं भाडं. एजंटला म्हटलं, अनमोडचा घाट उतरला की गोव्यातलं वास्को, तुम्ही साडेचारशे किलोमीटरवर मुंबईजवळच्या न्हावा शेवाला कशाला नेऊलाय? तो नुसता हसला. आणि जहाज चार तास थांबलं असतं तर काय बिघडलं असतं?

खानापूरचा मामा: मी बावीस वर्षं वास्कोत टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजणारा, होतो. पाच पोत्यांना चार उभ्या रेघा नि एक आडवी. पावसात कागद भिजायचा म्हणून पेन नाही, पेन्सिलीचा तुकडा. वास्कोचं बंदर म्हणजे मुरगाव, ते मूळचं सुट्ट्या मालाचं. मांडवी-जुवारीतून बार्ज खनिज आणत. कोळसा अजून येतो, लोंढ्याच्या फाटकावर आपण वाघिणी मोजतो तोच. कोळशाचं जहाज एका गिऱ्हाइकासाठी आलं तरी परवडतं. डब्यांचं जहाज बससारखं, ठरल्या दिवशी ठरल्या स्टँडवर. शेकडो डबे असल्याशिवाय वळत नाही. 1989 ला न्हावा शेवा सुरू झालं, ती गर्दी आता तिकडं. वास्कोतून गेला तरी डबा पुढं मोठ्या बंदरात बदलायचा, म्हणजे घाटात वाचलेला वेळ तिथं गेला.

चार तासांचं ऐक. गेट जहाज लागायच्या आधीच बंद होतं, कारण कुठला डबा कुठं हे आधी ठरतं. जड खाली, आधी उतरायचा तो वर. तुझी कास्टिंगं! दार उघडलं तर डबा अर्धा रिकामा, वजन मात्र भरलेलं. ते तळालाच. तळ भरल्यावर तुझ्यासाठी वरचे उचलणार कोण? 1 जुलै 2016 पासून तर वजनाचा दाखला आधी दिल्याशिवाय डबा चढतच नाही.

उद्यमबागवाला: दाखला मी ड्रायव्हरच्या हातात देत होतो की!

मामा: मग एजंट कशाला हसला ते कळलं.

निपाणीकर: आम्ही दोन दिवस आधी गाडी काढतो. पण फार लवकर पण जाऊ नका, गेट उघडलं नसलं तर ट्रेलर बाहेर उभा, त्याचं भाडं वेगळं.

उद्यमबागवाला: गेट कधी उघडतंय ते कळतं कुठं?

मामा: टर्मिनलच्या वेबसाइटवर. जहाज पुढंमागं झालं की तारखा हलतात, गाडी सुटायच्या दिवशी परत बघ.