मदत हवी आहे: फुटबॉल क्लबने तिकिटांचे दर बदलले, शनिवारी निषेध करायचा आहे

बांद्याचो_गोलकीपर
नमस्कार मंडळी. लवकर उत्तर हवं आहे, सामना शनिवारी आहे. क्लबने पुन्हा दर बदलले आणि या वेळी हद्द झाली. आम्ही बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडची पोरं कित्येक वर्षं गोलच्या मागे उभी राहतो. ढोल आमचे, झेंडे आमचे, घसा आमचा. आता गप्प बसायचं नाही असं ठरलंय. मला एवढंच सांगा: कापडी बॅनर आत न्यायला परवानगी लागते का, आणि सामना चालू असताना सगळे एकदम उठून गेले तर पोलीस काही करू शकतात का? "खेळ बघा, बाकी सोडा" असले सल्ले कृपया नकोत.

सुरंगी
कुठला क्लब? आधी दर किती होता, आता किती? तुमच्याकडे सुटी तिकिटं आहेत की हंगामाचे पास? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं काय?

रापणकर
रे बाबा, सगळा लिवलंस पण दर किती वाढलो ताच लिवूक नाय. आणि बॅनर कितको मोठो? हातात धरूचो काय रेलिंगाक बांधूचो?

चाकरमानी_डोंबिवली
यावर इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या लोकांनी केलं ते सगळ्यात भारी. नव्या मेन स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं करणार असं क्लबने जाहीर केलं होतं. ६ फेब्रुवारी २०१६ ला त्यांच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर संडरलंडशी सामना होता. बरोबर ७७व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून चालते झाले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होतं, लोक गेले आणि सामना २-२ सुटला! चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, ७७ रद्द केलं, वरचा दर ५९ वरच ठेवला. तुम्हीपण तसंच करा. दराचा आकडा तोच मिनिटाचा आकडा. पेपरवाल्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बांद्याचो_गोलकीपर
क्लब गोव्यातला आहे, नाव इथे लिहिणार नाही, पोरांना उगाच त्रास नको. दर १५० होता. आता ३००, आणि ज्याला ते "मोठा सामना" म्हणतात त्याला ४५०. कुठला सामना मोठा ते क्लबच ठरवणार. लहान मुलांचं अर्धं तिकीट बंद. हे सगळं हंगाम अर्धा झाल्यावर. चाकरमानी, कल्पना आवडली. मग ४५व्या मिनिटाला उठायचं का?

खाडीपलीकडे
४५व्याला उठलात तर कुणाला कळणारसुद्धा नाही. मध्यंतर असतं, तेव्हा सगळेच भजी-चहाला उठतात. ३०व्या मिनिटाला उठा.
पण त्याआधी एक सांगा, आपल्याकडे एकदा बाहेर गेलं की परत आत घेतात का? मी जिथे जिथे सामने बघितलेत तिथे तिकीट फाडलं किंवा स्कॅन झालं की संपलं. म्हणजे ३०व्या मिनिटाला गेलात तर तासभराचा खेळ बुडाला, आणि ज्यांनी ३०० भरले तेच उपाशी. त्यापेक्षा उशिरा आत जा. ऑक्टोबर २०१५ मध्ये बायर्न म्युनिकचे पाठीराखे आर्सेनलकडे गेले होते, तिकीट ६४ पौंड. पहिली पाच मिनिटं ते आत गेलेच नाहीत. टीव्हीवर रिकामा कोपरा सगळ्या जगाने पाहिला, आणि नंतर त्यांनी पूर्ण सामनाही बघितला.

चाकरमानी_डोंबिवली
पाच मिनिटांनी काय होणार? ट्रॅफिकमध्ये अडकले म्हणतील. काहीतरी सोडल्याशिवाय निषेध होत नाही.

खाडीपलीकडे
डोंबिवलीतून बोलायला सोपं आहे. ही पोरं गाडी ठरवून, गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून तासनतास प्रवास करून जातात.

सडा
एवढी चर्चा कशाला? जर्मनीत २०१६ मध्ये डॉर्टमुंडच्या लोकांनी श्टुटगार्टच्या मैदानावर टेनिसचे चेंडू टाकले होते, तेही तिकिटांच्या दरावरूनच. खेळ थांबला, बातमी झाली. टेनिस बॉल कुठेही मिळतात.

रापणकर
मैदानात कायएक टाकू नका रे!! एक जरी वस्तू आत पडली तर दराची गोष्ट रवली बाजूक, पेपरात "प्रेक्षकांचा धुडगूस" येतला. दंड क्लबाक आणि मार पोरांका.

सुरंगी
रापणकरांशी सहमत. आणि माझा प्रश्न अजून तसाच आहे: पास की सुटी तिकिटं?

बांद्याचो_गोलकीपर
बहुतेकांकडे पास आहेत. त्याने काय फरक पडतो? पासवाल्यांनाही मोठ्या सामन्याला वरचे १५० भरायला लावतायत, ॲपवर. नाही भरले तर त्या दिवशी गेटवर पास चालणार नाही.

सुरंगी
अहो, हेच तर पहिल्यांदा लिहायला हवं होतं! पास विकताना काय लिहिलं होतं? "सर्व घरचे सामने" असं होतं का? ते कागद किंवा मेल शोधा.

माहिती_अधिकारी_नव्हे
मैदान सरकारी असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. क्लब खाजगी असला तरी सरकारने मैदान कुठल्या अटींवर दिलं ते मागता येतं. तिकिटाच्या दरावर काही बंधन असेल तर ते करारातच सापडेल. माझा अनुभव आहे, एका कागदाने जे होतं ते शंभर घोषणांनी होत नाही.

बांद्याचो_गोलकीपर
त्याला तीस दिवस लागतात ना? माझा सामना शनिवारी आहे हो!

माहिती_अधिकारी_नव्हे
पुढच्या हंगामातही सामने असतीलच. आज टाका.

जुना_फुलबॅक
मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. साळगावकर, धेंपो, चर्चिल या गोव्यातल्या क्लबांचे सामने मी तरुणपणी उभं राहून पाहिलेत. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांत आय-लीगची, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगची, सहाही विजेतेपदं या तिघांनी गोव्यात आणली. आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. आपल्याकडे क्लब चालवणं म्हणजे दरवर्षी पैसे ओतणं. दीडशेचे तीनशे झाले म्हणून मालकाने हात वर केले तर शनिवारी बघायचं काय?

खाडीपलीकडे
फुलबॅककाका, आदर ठेवून सांगतो, ते तिकिटं स्वस्त होती म्हणून बाहेर पडले नव्हते. भारतीय फुटबॉल फेडरेशनने लीगची नवी रचना आणली, त्यात जुन्या क्लबांना खालच्या पायरीवर टाकायचं घाटत होतं, त्याच्या निषेधात बाहेर पडले. म्हणजे क्लबसुद्धा निषेधच करत होते. मग प्रेक्षकांनी केला तर बिघडलं कुठे?

जुना_फुलबॅक
रचनेचं कारण बरोबर आहे. पण पैसा आला असता तर एवढी टोकाची वेळ आली नसती असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. रिकामं मैदान खेळाडूंच्या जिव्हारी लागतं, मी खेळलोय म्हणून सांगतो.

चाकरमानी_डोंबिवली
गोलमागच्या स्टँडच्या तिकिटांवर क्लब चालतात का काका? इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगने २०१६-१७ पासून पाहुण्या प्रेक्षकांचं तिकीट ३० पौंडांच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, कुठला क्लब बुडाला? आणि हंगामाच्या मध्यात दर बदलणं तिथेही लोकांनी खपवून घेतलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने सभासदांची उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंड केली, मुलांची आणि म्हाताऱ्यांची सवलत काढली. लोक रस्त्यावर उतरले.

शिरोड्याचा_समीर
मुंबईत अंधेरीच्या मैदानावर सामना बघायचा असेल तर पार्किंगच्या भानगडीत पडू नका. मेट्रोने आझादनगरला उतरा, चालत जाता येतं.

रापणकर
समीर, ता कोणी इचारल्यान?

बांद्याचो_गोलकीपर
सुरंगीताई, मेल सापडला. "हंगामातील सर्व घरच्या सामन्यांसाठी प्रवेश" असं स्पष्ट लिहिलंय. खाली बारीक अक्षरात "दर बदलण्याचा अधिकार क्लबकडे राखीव" असंही आहे. मग संपलंच ना?

सुरंगी
अजिबात नाही. दर बदलण्याचा अधिकार पुढे विकायच्या तिकिटांना. तुम्ही सगळ्या सामन्यांचे पैसे आधीच भरलेत, त्यातल्याच सामन्याला पुन्हा पैसे मागणं ही वेगळी गोष्ट. आणि एकतर्फी अट कागदावर छापली म्हणून ती आपोआप योग्य ठरत नाही, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित कराराची तरतूद आहे.
आधी क्लबला लेखी पत्र, पासधारकांच्या सह्यांसह, मेलची प्रत जोडून. शनिवारच्या आधी पाठवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एवढ्यावर नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. लोकांना वाटतं क्लब गोव्यात म्हणजे गोव्यात खेटे घालावे लागतील. तसं नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे तुम्ही सिंधुदुर्गातच करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांची मिळून एकच तक्रारही चालते.
ॲपवरचे जादा पैसे कुणी आधीच भरले असतील तर त्या पावत्या पुसू नका. भरताना "निषेध नोंदवून भरत आहे" असा एक मेल क्लबला टाका.

सडा
कोर्टकचेरीत वर्षं जातात.

सुरंगी
पत्र एका संध्याकाळी लिहून होतं.
आता मूळ प्रश्न. उठून घरी जाणं हा गुन्हा नाही. बाहेर गेटवर थांबून घोषणा देणार असाल तर जमावबंदी लागू आहे का ते विचारून घ्या, पूर्वीचं कलम १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३. रस्ता अडवू नका, दोन जबाबदार माणसं पोलिसांशी बोलायला पुढे ठेवा. बॅनरचं मात्र आयोजकांच्या नियमांवर आहे. मजकूर आणि माप आधी मेलने कळवा. नाही म्हणाले तर ते नाही म्हणाल्याचा कागद तुमच्याकडे राहील.

रापणकर
बॅनर फ्लेक्सचो करू नका, गेटार काढून घेतत. मांजरपाट घ्या, त्येच्यावर रंगान लिवा. घडी करून पिशयेत मावता. काठी नको, काठीवरसूनच वाद होता.

बांद्याचो_गोलकीपर
सगळ्यांचे आभार, पोरांशी बोललो. पत्र आज रात्री जातंय, सह्या जमल्यात. शनिवारी ३० मिनिटं आमचा स्टँड रिकामा राहील, आम्ही गेटबाहेर ढोल घेऊन उभे. ३१व्या मिनिटाला आत जाणार आणि शेवटपर्यंत ओरडणार. फुलबॅककाका, खेळाडूंशी आमचं भांडण नाही, दोन खेळाडूंना आधीच निरोप दिलाय. बॅनरवर एकच ओळ: "मुलांचं तिकीट परत द्या". दराचं भांडण मोठ्यांचं आहे, पण बारकी पोरं आत आलीच नाहीत तर दहा वर्षांनी या स्टँडमध्ये उभं कोण राहणार?

जुना_फुलबॅक
मुलांच्या तिकिटाबाबत मी तुमच्या बाजूने आहे. तेवढ्या पत्रावर माझीही सही घ्या. बाकीच्यावर नाही.

चाकरमानी_डोंबिवली
३०व्या मिनिटापर्यंत बाहेर आणि मग आत, म्हणजे दोन्ही. ठीक आहे, पण कुणीतरी रिकाम्या स्टँडचा फोटो समोरच्या बाजूने काढायला हवा. तुम्ही बाहेर असाल, आत कोण?

खाडीपलीकडे
मी समोरच्या स्टँडमध्ये असेन. काढतो.

आरोंद्याची_आई
धागा आजच वाचला. तुमच्या गाडीत दोन जागा आहेत का? मुलगी दहा वर्षांची आहे, मागच्या सामन्याला अर्ध्या तिकिटात गेली होती. या वेळी पूर्ण ३०० भरून आणतेय, तिला बॅनर धरायचा आहे.

बांद्याचो_गोलकीपर
आहेत. तीन वाजता बांदा स्टँडवर या, गाडी पांढरी. मागे ढोल असतील, पाय आखडून बसावं लागेल. मुलांच्या तिकिटाची जुनी पावती असेल तर घेऊन या, पुढच्या तक्रारीला जोडायची आहे.