गच्चीवरच्या बागेत बांबूचे कोंब

सचिव: गच्चीच्या बागेत पाणी जायच्या पाइपच्या तोंडाशी बांबूचे कोंब आलेत. बेट तर पार पलीकडच्या कोपऱ्यात आहे! फोटो टाकलाय. खाली ओल अजून नाही.

७०२: "अजून" वाचून धडकी भरली. छत माझं आहे 😅

५०१: कोंब छाटा, विषय संपला.

३०४: काका, छाटून संपत नाही. हा पसरणारा बांबू आहे. मातीखाली आडवं खोड धावतं आणि त्याचं टोक अणकुचीदार असतं. बाकीच्या झाडांची मुळं बहुतेक वेळा मातीखाली पाणी अडवायला अंथरलेल्या चादरीच्या कच्च्या जोडातून शिरतात, हा धडधाकट चादरही भोसकतो. जर्मनीत एफएलएल या छतावरच्या बागांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची मूळरोधक चाचणी २ वर्षं चालते, चादरीवर खरोखर झाडं वाढवून. ती पास झालेली चादरसुद्धा बांबूला चालेल असं ते म्हणत नाहीत.

खजिनदार: आपल्याकडे डांबरी चादर आहे. तिच्यावर काही नाही बहुतेक.

३०४: मग मुळांना रान मोकळंच. साध्या डांबरात ती सहज घुसतात. वर एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) मूळरोधक थर हवा, जोड वेल्ड केलेले. नुसते एकावर एक सरकवलेले नकोत.

२०३: तणनाशक मारायचं का?

३०४: नको ताई, पावसात ते थेट पाइपात उतरेल. हातानं माती बाजूला करून खोड मागे मागे शोधत जायचं. तुकडा राहिला तर पुन्हा फुटतो. कठड्यालगत आणि पाइपभोवती ३० ते ५० सेंमी पट्टा निव्वळ खडीचा ठेवू, म्हणजे पुढच्या वेळी लगेच दिसेल.

६०१: कठड्याच्या फटीत पिंपळही आलाय.

३०४: दोन-चार पानांचा असेल तर आजच उपटा. खोड जाड झालं असेल तर ओढू नका, प्लास्टर सोबत येईल. ते कापून बुंध्याचं वेगळं बघू. खरं सांगू, मला बांबूपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते. पक्षी बी टाकत राहणार, म्हणून पावसाळ्यानंतर एक फेरी हवीच.

७०२: बांबू मोठ्या कुंडीत ठेवला तर? पडदा छान होतो हो.

३०४: चालेल, पण कुंडी स्टँडवर. नाहीतर तळाच्या भोकातून उतरेल मातीत.

सचिव: ठरलं. रविवारी सकाळी माती काढू. मोकळ्या भागाला बांध घालून २४ तास पाणी साठवू, ७०२ नी छतावर नजर ठेवावी.

५०१: मी पहार आणतो.

३०४: काका, पहार नको!! चादरीला पहिलं भोक आपलंच पडायचं. खुरपंसुद्धा बोथट आणा.