हार्ट अटॅकचे उपचार: श्रेय देणगीचं की कंपनीचं?

गुठळीवाला (धागाकर्ता): लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या ब्रिटिश हार्ट फाउंडेशनने (स्थापना 1961) आजच्या उपचारांचा पाया घातला, असं माझं ठाम मत आहे. एकेकाळी वाद होता: धमनीतली गुठळी अटॅक आणते, की अटॅकनंतर बनते? नंतर बनत असेल तर ती विरघळवण्यात अर्थच नाही. फाउंडेशनच्या पैशावर काम करणाऱ्या, लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या मायकेल डेव्हिस यांनी मृतांच्या धमन्या बारीक छेद घेत तपासल्या आणि 1976 मध्ये गुठळीलाच दोषी ठरवलं. शवविच्छेदनाच्या टेबलासाठी कुठली औषध कंपनी पैसे देणार?

पुराव्यानिशी: वाद तिथे कुठे मिटला? मृतांवरून किती सांगणार! अमेरिकेतल्या स्पोकेनच्या डॉ. डीवुड यांनी 1980 मध्ये जिवंत रुग्णांची अँजिओग्राफी (रंगद्रव्य सोडून धमन्यांचा एक्स-रे) छापली. पहिल्या चार तासांत तपासलेल्या 126 पैकी 110 जणांची धमनी पूर्ण बंद. बारा ते चोवीस तासांत हेच प्रमाण 65 टक्क्यांवर आलं, म्हणजे गुठळी आपसूकही सुटते. मृतदेहात हे दिसत नाही. शिवाय फाउंडेशनच्या खात्यात धरली जाणारी, अटॅकवरच्या औषधांची 1988 ची आयसिस-2 चाचणी घ्या: तिचा मोठा भार स्ट्रेप्टोकायनेज (गुठळी विरघळवणारं औषध) बनवणाऱ्या कंपनीनेच उचलला.

साधा डोस: पैसा कंपनीचा, पण आराखडा आणि आकडे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांच्या हाती होते, हे विसरू नका. 17,187 रुग्णांचे चार गट: स्ट्रेप्टोकायनेज (15 लाख युनिट, तासाभरात शिरेतून), अ‍ॅस्पिरिन (रोज 160 मिग्रॅ., महिनाभर), दोन्ही, किंवा काहीच नाही. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू: काहीच न मिळालेल्यांत 13.2 टक्के, दोन्ही मिळालेल्यांत 8. एकट्या अ‍ॅस्पिरिनने मृत्यू 23 टक्के घटले, महागड्या औषधाने 25! पेटंट केव्हाच संपलेल्या गोळीची एवढी मोठी चाचणी एरवी कुणी केली असती?
(याच चाचणीत गंमत म्हणून राशीनुसार आकडे काढले, तर मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिन लागू पडत नाही असं निघालं. रुग्णांचे छोटे गट पाडून काढलेल्या निष्कर्षांवर विश्वास ठेवणाऱ्यांना चपराक.)

पुराव्यानिशी: आराखडा ऑक्सफर्डचा, ते मान्य. पण ही चाचणी म्हणजे निव्वळ देणगीची कमाई नव्हे, एवढंच म्हणतोय.

ड्यूटीवरची: वॉर्डातलं बोलूया. स्ट्रेप्टोकायनेज जोरात सोडलं की बीपी पडतं. ड्रिप हळू करायची किंवा थांबवायची, पाय वर करायचे. हे जंतूपासून मिळवलेलं, त्यामुळे शरीरात प्रतिद्रव्यं तयार होतात. तेच पुन्हा द्यायला जाऊ नये. मेंदूत रक्तस्राव हा खरा धोका. आणि अ‍ॅस्पिरिनची पहिली गोळी चावूनच खायला सांगा, नुसती गिळली तर उशीर होतो. फाउंडेशनचा पैसा मला दुसरीकडे जास्त पटतो: आनुवंशिक कोलेस्टेरॉल, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे जन्मापासूनच वाढलेलं. सुमारे अडीचशेत एकाला. एका रुग्णात दोष सापडला की भावंडं, मुलं तपासायची; प्रत्येकाला निम्मी शक्यता. त्यासाठी नातेवाइकांचा पाठपुरावा करणाऱ्या नर्सेस फाउंडेशनने वेल्स आणि इंग्लंडमध्ये नेमायला पैसे दिले.

पुराव्यानिशी: आणि सापडलेला प्रत्येकजण जन्मभर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) घेणार. फायदा कंपनीचाच की!

ड्यूटीवरची: सिम्वास्टॅटिनसारखं स्टॅटिन केव्हाच जेनेरिक झालंय. चाळिशीतला अटॅक टळला, तर होऊ दे कुणाचा का फायदा.